बेवारस पेट्या : औद्योगिक सेल्युलर गेटवेची कच्ची बाजू

पाणीपुरवठ्याची पंपिंग स्टेशने, विजेची उपकेंद्रे, तेल आणि वायूच्या नळवाहिन्यांवरील झडपा, चौकातले सिग्नल आणि रुग्णवाहिका ही सारी ठिकाणे नियंत्रण कक्षापासून दूर असतात, काही तर फिरती असतात, आणि तेथवर तार ओढणे एक तर परवडत नाही किंवा शक्यच नसते. अशा ठिकाणच्या यंत्रांना मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून नियंत्रण कक्षाशी जोडून देणाऱ्या उपकरणास औद्योगिक सेल्युलर गेटवे म्हणतात. हाताच्या पंजात मावेल एवढ्या या धातूच्या पेटीत एका बाजूला अँटेना आणि सिमकार्ड असते, तर दुसऱ्या बाजूने निघालेली वायर पीएलसीला, म्हणजे मोटर केव्हा सुरू आणि केव्हा बंद करायची हे ठरवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकाला, जाऊन मिळते. पेटीच्या पोटात बहुधा लिनक्सवर चालणारा एक पूर्ण संगणकच असतो आणि त्याची मांडणी बदलण्यासाठी एक वेबपान दिलेले असते. हे वेबपान कोणाला दिसते आणि त्याचा पासवर्ड काय आहे, या दोन साध्या प्रश्नांपाशी या उपकरणांच्या सुरक्षेचा बराचसा इतिहास येऊन थांबतो.

कारखान्याचे अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये फायरवॉलची भिंत असावी, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. सेल्युलर गेटवे मात्र या भिंतीतून जात नाही, कारण त्याची वाट मोबाइल टॉवरवरून येते आणि थेट यंत्राच्या दाराशी उतरते. त्यातही सिमकार्डाला सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर कोठूनही गाठता येईल असा क्रमांक, दिलेला असेल, तर पेटी जगाला उघडी पडते. अशी उघडी उपकरणे शोधून त्यांची नोंद ठेवणारी शोडानसारखी शोधयंत्रे सर्वांना उपलब्ध असल्यामुळे, आडगावच्या पंपाची पेटी कोणाच्या नजरेस पडणार नाही, हा भरवसा फोल ठरतो.

कॅनडातील सिएरा वायरलेस या कंपनीच्या एअरलिंक गेटवेंची कहाणी या संदर्भात विशेष बोधक आहे. ही कंपनी नामांकित, तिची उपकरणे अमेरिकेत सर्वत्र पसरलेली, आणि तिने त्रुटी लपवल्या असेही नाही, तरीही सात वर्षांच्या अंतराने तेच दुखणे पुन्हा वर आले. २०१६ च्या ऑक्टोबरात मिराई या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली, त्याच महिन्यात अमेरिकेच्या औद्योगिक सायबरसुरक्षा यंत्रणेने एअरलिंक गेटवेही त्याला बळी पडत असल्याचा इशारा दिला. शिरकावाचा मार्ग अगदी साधा होता : एसीई मॅनेजर नावाच्या वेबपानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड ग्राहकांनी बदललेलाच नव्हता. मिराई केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने पेटी बंद करून पुन्हा सुरू केली की तो नाहीसा होई, परंतु पासवर्ड तोच राहिला तर पुन्हा लागण होण्याची वाट मोकळीच असे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या संशोधन गटाने ईएस४५० या गेटवेमधील त्रुटींची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यांतील सीव्हीई-२०१८-४०६३ या क्रमांकाची त्रुटी जरा जवळून पाहण्याजोगी आहे. सीव्हीई म्हणजे प्रत्येक ज्ञात त्रुटीला दिला जाणारा जागतिक नोंदणी क्रमांक. या गेटवेच्या वेबपानावर मांडणीच्या फाइली चढवण्याची सोय होती, आणि चढवणाऱ्याने फाइलला कोणते नाव द्यावे यावर कसलेही बंधन नव्हते. त्याच कप्प्यात गेटवेचे स्वतःचे काही प्रोग्राम ठेवलेले होते. नव्या फाइलला त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव दिले, की ती जुन्या प्रोग्रामची जागा घेई आणि त्याला असलेली ‘चालवण्याची’ परवानगीही तिच्याकडे वारसाहक्काने येई. एसीई मॅनेजर रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नात्याने, चालत असल्यामुळे चढवलेला प्रोग्रामही सर्वाधिकारी होई. एवढे करण्यासाठी आधी पासवर्ड देऊन आत शिरावे लागते हे खरे, पण २०१६ चा अनुभव ध्यानात घेतला तर ही अट किती तकलादू आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे २०२३ च्या डिसेंबरात फोरस्काउट या कंपनीच्या संशोधकांनी ‘सिएरा:२१’ या नावाने आणखी २१ त्रुटी उघड केल्या. त्यांतील कित्येक सिएराच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये नव्हत्या, तर तिने बाहेरून घेतलेल्या मुक्तस्रोत घटकांमध्ये होत्या. टायनीएक्सएमएल हा असा एक घटक. त्याच्या कर्त्याने पुढे नवी, वेगळी आवृत्ती काढून जुनी सोडून दिली, त्यामुळे जुन्यातील त्रुटी दुरुस्त करायला मुळाशी कोणी उरलेच नव्हते, आणि दुरुस्तीचा भार तो घटक वापरणाऱ्या प्रत्येक उत्पादकावर येऊन पडला. याच संशोधनात इंटरनेटवर उघडे असलेले ८६ हजारांहून अधिक एअरलिंक राउटर आढळले, त्यांपैकी सुमारे ६८ हजार अमेरिकेत होते. २०१९ पासून माहीत असलेल्या त्रुटींवरील दुरुस्ती बसवल्याची खात्री १० टक्क्यांहूनही कमी उपकरणांबाबत देता आली.

ही १० टक्क्यांची मर्यादा त्या २१ त्रुटींपेक्षा अधिक चिंताजनक मानावी लागेल. प्रोग्राम माणसे लिहितात तोवर त्यांत चुका राहणार, परंतु तयार असलेली दुरुस्ती वर्षानुवर्षे बसवली जात नाही, याचे कारण तंत्रात नसून मालकीत आहे. यंत्रविभागाच्या लेखी ही पेटी संगणकाची वस्तू असते, संगणक विभागाच्या लेखी ती पंपाचा एक भाग असतो, आणि जिने ती बसवली त्या कंत्राटदार कंपनीचे काम देयक मंजूर झाले की संपलेले असते. फर्मवेअर, म्हणजे उपकरणात मुरवलेला मूळ प्रोग्राम, बदलायचा तर काही मिनिटे संपर्क तुटतो, आणि बदल मध्येच फसला तर पन्नास-शंभर किलोमीटरवर माणूस धाडावा लागतो. चालत्या गाड्याला खीळ नको, या व्यवहारी शहाणपणापुढे सुरक्षेचा सल्ला सहसा टिकत नाही.

धोका केवळ वेबपानातून येतो असेही नाही. गेटवेच्या आत मोबाइल जाळ्याशी बोलणारा मोडेम हा स्वतंत्र छोटा संगणक असतो आणि त्याचा उत्पादक पुष्कळदा वेगळाच असतो. कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये टेलिट सिंटेरियनच्या मोडेममधील त्रुटींचा जो तपशील मांडला, त्यानुसार स्थाननिश्चितीला साहाय्य करणाऱ्या संदेशप्रणालीत अशी चूक होती की, विशिष्ट रचनेचे एसएमएस पाठवून मोडेमच्या स्मृतीत हवे ते लिहिता येई आणि त्याचा ताबा घेता येई. पासवर्ड, वेबपान, आयपी पत्ता यांपैकी कशाचीच गरज नव्हती. या मोडेमना अनावश्यक एसएमएस पोहोचणारच नाहीत अशी व्यवस्था करणे, हा सुचवलेल्या उपायांतील मुख्य उपाय होता, आणि ती मोबाइल कंपनीच्या सहकार्याविना होऊ शकत नाही.

गेटवे निकामी झाल्यास काय घडते, हे मॉस्कोत दिसले. तेथील भूमिगत सेवाबोगद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मॉस्कोलेक्टर या संस्थेवर २०२४ मध्ये ब्लॅकजॅक या युक्रेनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या गटाने ‘फक्सनेट’ नावाचा घातक प्रोग्राम सोडला. ८७ हजार संवेदक, म्हणजे वायू, तापमान इत्यादी मोजणारी उपकरणे, नष्ट केल्याचा दावा गटाने केला, पण क्लॅरोटी कंपनीने केलेल्या विश्लेषणातून निराळे चित्र पुढे आले : संवेदक बहुधा शाबूत होते, मारले गेले ते त्यांची माहिती गोळा करून पुढे धाडणारे सुमारे ५०० गेटवे. प्रोग्रामने त्यांच्यातील फाइली पुसल्या, दूरस्थ प्रवेशाची दारे बंद केली आणि स्मृतीच्या चिपवर पुन्हापुन्हा लिहून ती झिजवण्याचा प्रयत्न केला. संवेदक जिवंत असूनही त्यांचे ऐकणारे कोणी राहिले नाही, आणि शहरभर विखुरलेल्या त्या पेट्या एकेक करून बदलण्यावाचून वा पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. याच्या अगदी उलट, गेटवेला इजा न करता त्याला राबवून घेण्याचा प्रकार युरोपात उघडकीस आला. माइलसाइट या चिनी कंपनीच्या काही राउटरमधील एसएमएस पाठवण्याची सोय विनापासवर्ड खुली राहिलेली होती, आणि तिचा वापर करून बेल्जियमसह अनेक देशांतील नागरिकांना सरकारी सेवांच्या नावाने फसवे संदेश धाडले जात असल्याचे सेकोइया या फ्रेंच कंपनीने २०२५ मध्ये दाखवून दिले. यंत्र सुरळीत चालू असल्याने मालकाला संशय येण्याचे कारण नव्हते.

भारतात हा प्रश्न विजेच्या मीटरांच्या निमित्ताने घरापर्यंत आला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवलेले असून, त्यांतील काही मीटरांमध्ये स्वतःचे सिमकार्ड असते, तर काही ठिकाणी अनेक मीटरांची माहिती रेडिओद्वारे एका गेटवेकडे येते आणि तेथून मोबाइल जाळ्याने पुढे जाते. एका बाबतीत येथील धोरण दूरदृष्टीचे ठरले आहे. यंत्रांसाठीच्या सिमकार्डांना २०१८ पासून १३ अंकी क्रमांक देण्यास सुरुवात झाली आणि त्याच वर्षी दूरसंचार विभागाने अशा सिमवरील कॉल, एसएमएस आणि डेटा हे आधी ठरवून दिलेल्या मोजक्या क्रमांकांपुरते आणि पत्त्यांपुरते मर्यादित ठेवण्याचे बंधन घातले. या नियमामागचा हेतू मुख्यतः सिमचा गैरवापर रोखण्याचा होता, परंतु तो काटेकोर पाळला गेला तर अनोळखी क्रमांकावरून येणारा घातक एसएमएस वाटेतच अडतो आणि एअरलिंकसारखे जगाला उघडे पडण्याची वेळही सहसा येत नाही.

मात्र हे बंधन सिमच्या बाजूचे आहे. सिएरा:२१ मधील सर्वांत गंभीर ठरवलेली त्रुटी ओपनएनडीएस या घटकात होती, म्हणजे वाय-फाय वापरू पाहणाऱ्यास प्रथम स्वागताचे पान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये. त्या पानाकडे पाठवलेल्या विनंतीची लांबी तो तपासत नसे आणि प्रमाणाबाहेर लांब विनंती आली की स्मृतीची हद्द ओलांडली जाई. या त्रुटीचा फायदा घेण्यासाठी मोबाइल जाळ्याची गरजच नाही. पेटीच्या वाय-फायच्या टप्प्यात, कुंपणाबाहेर उभ्या केलेल्या वाहनात लॅपटॉप घेऊन बसलेली व्यक्ती तेवढ्यासाठी पुरते, आणि सिमच्या नोंदीत त्या वेळी काहीही वावगे दिसत नाही.