बनिमीतली धामण मारू नका



परवा एका सभासदाने फोटो पाठवला, "सोयाबीनच्या बनिमीत नाग निघाला, मारला." फोटो मोठा करून बघितला तर ती धामण होती, सहा फुटांची तरी. वाईट वाटलं. उंदरांनी हैराण केलंय म्हणून याच सभासदाचा गणपतीत फोन आला होता.

काय होतं बघा. काढणी होऊन बनीम लागली की शिवारातले उंदीर तिथं गोळा होतात. शेंगा कुरतडतात, दाणे बिळात नेतात. पुढं हेच उंदीर हरभऱ्यात आणि ज्वारीत शिरतात. मांजर, घुबड यांची धाव बिळाच्या तोंडापर्यंत. धामण मात्र आत जाते आणि पिल्लांसकट खाते. मांडूळही उंदीर खातं. दोन्ही बिनविषारी आहेत. धामण म्हशीचं दूध पिते असं माझी आजी शपथेवर सांगायची, पण सापाला चोखताच येत नाही.

धामणीला फणा नसतो. डोळे मोठे, ओठावर काळ्या रेघा, आणि माणूस दिसला की पळते. तरी ओळखायला जवळ जाऊ नका. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी सापही आहेत. काढणीत जास्त भीती घोणसची. ती जागची हलत नाही, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. मण्यार रात्री फिरते. आखाड्यावर खाली झोपलेल्याला चावली तर पुष्कळदा कळतही नाही. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

बनिमीत थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. पायात बूट, रात्री हातात बॅटरी. साप निघाला तर मागं सरून वाट द्या. घरात शिरला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

चावलाच तर ब्लेड मारू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, वरच्या चारही सापांवर लस एकच आहे.

शेतात साप दिसला तर लांबूनच फोटो काढून मला पाठवा. कोणता ते सांगतो.

– तुमचा कृषी सल्लागार