पऱ्हाटीचा भाव कोणत्या काट्यावर?

जानेवारी लागला की जळगाव जिल्ह्यात बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, ढीग दिसू लागतात. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते. फरदडीसाठी (आणखी एका वेचणीसाठी) झाडे उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, हे कृषी विभाग दरवर्षी बजावतो. मग मजूर लोखंडी चिमट्यात बुंधा धरून एकेक झाड उपटतात, नाहीतर ट्रॅक्टर घालून सगळ्याचा भुगा केला जातो. काही पऱ्हाट्या चुलीसाठी घरी जातात, काही भरीत पार्टीला. (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायचे, हे खानदेशाने त्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकले आहे.) उरलेल्या पऱ्हाट्या बऱ्याच ठिकाणी जागेवरच पेटवून देतात.

हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. जिल्ह्यात कापूस साधारण पाच लाख हेक्टरांवर, म्हणजे जळण दहा-पंधरा लाख टनांच्या घरात. शेतात त्याची किंमत विचारली, तर हाती काही लागत नाही. उलट उपटणीची मजुरी अंगावर पडते.

तोच माल पांढऱ्या कोळशाच्या (भुसा दाबून केलेल्या जळाऊ कांड्यांच्या) कारखान्यात गेला की त्याला भाव येतो. ट्रॉली शिगोशिग भरलेली दिसते, पण काट्यावर वजन फारसे भरत नाही. पऱ्हाटी पोकळ रचली जाते, तिच्यात बरीचशी हवाच असते. आधी ओलावा तपासतात. नुकत्या उपटलेल्या पऱ्हाटीत जवळपास निम्मे पाणी असते. दहा-बारा टक्क्यांपर्यंत वाळल्याशिवाय ती यंत्रात चालत नाही. सालीचे चिवट धागे कटरच्या पात्यांना गुंडाळतात आणि काम खोळंबते. पुढे मात्र जादू आहे: भुशावर दट्ट्याचा प्रचंड दाब पडतो, लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि डिंक-गोंद काही न घालता घट्ट कांडी बाहेर येते. ती बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी जाते. धुळे-शिरपूरसारख्या कारखानदारीच्या गावांना अशा जळणाची गरज असतेच.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. असा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुधारित धोरणाने औष्णिक केंद्रांना २०२४-२५ पासून पाच टक्के आणि पुढच्या वर्षापासून सात टक्के जैवइंधन मिसळायला सांगितले. पाच टक्के धरले, तरी एका संचाला रोज साडेतीनशे-चारशे टन.

जगाच्या बाजारात हाच व्यवहार जहाजांनी चालतो. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स केंद्राने सहापैकी चार संच लाकडी पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या लहान गोळ्यांवर) आणले. ते मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाहून येतात. दक्षिण कोरिया व्हिएतनामकडून घेतो, जपान व्हिएतनाम आणि उत्तर अमेरिका दोन्हींकडून. मग कोणत्या देशाने किती डॉलरचे जळाऊ लाकूड आणले, याचे तक्ते निघतात. ते जपून वाचावे लागतात. जकातीच्या ४४०१ या शीर्षकात सरपण, पेलेट आणि लाकडाचे तुकडे एकत्र येतात. चीन आणि जपान असे तुकडे प्रचंड प्रमाणात आणतात, पण ते भट्टीत नव्हे, कागदाच्या लगद्यात जातात. आयातीच्या किमतीत बहुतेक देश जहाजभाडे आणि विमाही धरतात, त्यामुळे लांबून आणलेला माल कागदावर आपोआप महाग दिसतो. ओल्या लाकडाचा टन आणि कोरड्या पेलेटचा टन एकाच रकान्यात बसतो, ही आणखी एक गंमत.

आणि सीमा न ओलांडणारे जळण या तक्त्यांत येतच नाही. खानदेशातली पऱ्हाटी तिथे शून्य आहे.

कारखान्याच्या काट्यावरचा माणूस ओलावा वजा करूनच पैसे देतो. देशांची तुलनाही तशीच व्हायला हवी. टन नको, नुसते डॉलरही नकोत. हजार किलोकॅलरी उष्णतेमागे किती मोजले, ते पाहावे. औष्णिक केंद्रांसाठी पेलेटचे आधारदर ठरवताना आपल्या सरकारनेही हेच माप वापरले आहे.