शिरोरेषा आधी की अक्षर आधी?

मराठी दूरचित्रवाणीच्या ग्राफिक्सचा आढावा घ्यायला बसलं की पहिली अडचण येते ती दप्तराची. नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत सापडतात, सिनेमाची पोस्टरं कुणी ना कुणी जपून ठेवलेली असतात; पण पडद्यावर येऊन गेलेली शीर्षकपाटी गेली ती गेलीच. टेप महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. त्या टेपांबरोबर आमच्या पिढीचं बरंचसं काम पुसलं गेलं. म्हणून हा आढावा माझ्या आठवणीवर बेतलेला आहे. तो देवनागरीच्या बाजूला झुकलेला आहे, हेही आधीच सांगतो. पडद्यावर अक्षर कसं उभं राहावं आणि कसं हलावं, याच एका प्रश्नापायी माझी सगळी वर्षं गेली.

पूर्वपीठिका सगळ्यांना ठाऊक आहे. १९१५ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, म्हणजे निर्जीव वस्तू एकेका फ्रेमनं हलवण्याची हौस आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेला, बोधचिन्हाचा तो ‘डोळा’ फिरत फिरत घराघरांत पोचला. हलणारी बोधचिन्हं कशी असावीत हे नव्या मुलांना सांगताना मी आजही तोच दाखवतो. दोन वक्र आकार फिरत येतात, मधल्या गोलाभोवती थांबतात, आणि थांबल्यावरच अर्थ लागतो. त्या चिन्हात गतीचं सगळं काम चिन्हाची ओळख घडवण्यापुरतं आहे. आज एखाद्या वाहिनीचा आयडेंट बघा. चिन्ह पुरं झाल्यावरही त्याच्या कडेवरून चकाकी पळत राहते.

त्या काळात शीर्षकं हातानं लिहिली जायची. काळं कार्ड, पांढरा पोस्टर कलर, आणि कॅमेऱ्यासमोर स्टँड. श्रेयनामावली लांब असली तर काळ्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती रोलरवर गुंडाळायची आणि हँडल फिरवायचं. इंग्रजीसाठी लेट्रासेट असायचं, कागदावरून अक्षर घासून उतरवता यायचं. देवनागरीला ब्रशाशिवाय गती नव्हती, आणि त्यामुळेच ते काम जिवंत होतं. कार्यक्रमागणिक अक्षर बदलायचं. शेतीच्या कार्यक्रमाचं अक्षर कवितेच्या कार्यक्रमाला चालायचं नाही, हे कुणी शिकवावं लागत नसे. नाटकांच्या जाहिरातींत अक्षरकार कमल शेडगे जे करत होते ते रोज पेपरात डोळ्यांसमोर होतं. नाटकाचं नाव वाचायच्या आधी त्याचा स्वभाव कळायचा.

पडद्याची स्वतःची एक खोड होती आणि देवनागरीची तिच्याशी पहिल्या दिवसापासून झुंज होती. आपल्याकडची पाल पद्धत ६२५ ओळींची, त्यांतल्या चित्राच्या ५७६. या ओळी एका दमात उमटत नसत. आधी एकाआड एक अशा अर्ध्या, मग उरलेल्या अर्ध्या. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. आता विचार करा, शिरोरेषा जर एकाच ओळीइतकी बारीक असेल तर ती एका अर्ध्या चित्रात येणार आणि दुसऱ्यात नसणार. सेकंदाला पंचवीस वेळा ती लुकलुकणार. रोमन लिपीत असा आडवा फटकारा अक्षराच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. आमच्याकडे तो सबंध शब्दावर पसरलेला. अख्खी ओळ थरथरायची. परदेशी पुस्तिकांत शिरोरेषेवरचा उपाय नव्हता, कारण त्यांना ही अडचण इतकी मोठी नव्हती. आम्ही रेघ जाड केली, तिची वरची-खालची कड किंचित मऊ केली, आणि अक्षराचा काना त्या मानानं बारीक ठेवला. तेव्हा कुठे डोळ्याला स्वस्थता आली.

श्रेयनामावलीचं त्याहून अवघड. एका कार्यक्रमात काही नावांच्या शिरोरेषाच दिसत नव्हत्या, काहींच्या ठसठशीत दिसत होत्या, आणि लिहिणाऱ्याला बोल लावला जात होता. खरं कारण वेगाचं होतं. मजकूर प्रत्येक अर्ध्या चित्रागणिक बरोब्बर एक ओळ वर सरकत असेल तर त्यातल्या निम्म्या रेघांवर कायम नजर पडते आणि निम्म्यांवर कधीच पडत नाही. बारीक शिरोरेषा नेमकी न दिसणाऱ्या निम्म्यात अडकली की संपलं. वेग दर अर्ध्या चित्राला दोन ओळी केला आणि सगळी नावं डोक्यावर रेघ घेऊन परत आली. आज एचडीचं प्रक्षेपणही आपल्याकडे मुख्यतः १०८० ओळींचं, पन्नास अर्ध्या चित्रांचंच आहे. त्यामुळे हा हिशेब जुना झालेला नाही. खालची टिकरपट्टीही दर अर्ध्या चित्राला पूर्ण पिक्सेलांतच सरकली पाहिजे. चार पिक्सेल धरले तर सेकंदाला दोनशे, म्हणजे १९२० पिक्सेलांचा पडदा ओलांडायला सुमारे साडेनऊ सेकंद. साडेतीन पिक्सेल ठेवले की अक्षरं कडेला फाटतात. मग मुलं येऊन विचारतात, रेंडर बिघडलाय का?

पुढे संगणक आला. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट तंत्रज्ञान रुळवलं, देवनागरी कीबोर्डावरून थेट पडद्यावर उमटायला लागली, आणि ‘योगेश’, ‘सुरेख’ ही नावं ग्राफिक्सच्या खोल्यांत घरच्या माणसांसारखी घेतली जाऊ लागली. कॅरॅक्टर जनरेटरनं, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रानं, वेळ वाचवला यात शंका नाही. बातमीला तो हवाच होता. बोलणाऱ्याच्या नावाच्या पट्टीला आजही न्यूजरूममध्ये ‘अ‍ॅस्टन’ म्हणतात ते एका ब्रिटिश यंत्राच्या नावावरून. १९९३ मध्ये आफ्टर इफेक्ट्स आलं. आपल्या स्टुडिओंत रुळायला त्याला थोडा वेळ लागला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी, २००७-०८ च्या सुमाराला मराठी वृत्तवाहिन्यांची रांग. या काळातल्या ग्राफिक्सवर फार लिहिण्यासारखं नाही. क्रोमची अक्षरं, फिरणारा पृथ्वीचा गोल, लेन्सच्या चमका. सगळ्यांनी तेच केलं, आणि सगळ्यांचं सारखंच दिसलं.

आता माझ्या मूळ भांडणाकडे येतो. देवनागरी शब्द पडद्यावर लिहिला जाताना दाखवायचा तर आधी शिरोरेषा ओढायची की आधी अक्षरं? आमच्या क्षेत्रातल्या काही मंडळींचं म्हणणं असं की देवनागरी ही रेघेला लटकणारी लिपी आहे, म्हणून आधी रेघ पळत यावी आणि तिच्यावरून एकेक अक्षर खाली सुटावं. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. हे दिसायला सोपं आहे, करायला त्याहून सोपं आहे, आणि म्हणून निम्म्या मालिकांची शीर्षकं अशीच उघडतात. माझं म्हणणं पहिल्यापासून उलटं आहे. झरझर लिहिणारा मराठी माणूस आधी शब्द पुरा करतो, आणि मग एका दमात डावीकडून उजवीकडे वर रेघ ओढतो. ती रेघ शब्दाला बांधून घेते. तोपर्यंत क, र, म ही सुटी अक्षरं असतात, रेघ पडली की शब्द होतो. पडद्यावरही हा क्षण तसाच आला पाहिजे. प्रेक्षकाच्या हाताला ती हालचाल ठाऊक असते, त्याच्या मनगटात ती शाळेपासून बसलेली असते. रेघ शेवटी ओढली की तो ती आतून अनुभवतो.

यावर प्रतिपक्ष मोडी काढतो, आणि तो मुद्दा खरा आहे. मोडीत लेखक आधी कागदभर रेघ आखून घेत आणि मग तिच्याखाली, लेखणी शक्यतो न उचलता, मजकूर लिहीत. शिवकाळावरची किंवा पेशवाईवरची मालिका असेल, शीर्षक मोडीच्या वळणाचं असेल, तर रेघ खुशाल आधी येऊ द्या. पण मग ती पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊ द्या, आणि अक्षरं एकमेकांना धरून वाहत येऊ द्या. बाळबोध अक्षराला मोडीची रेघ जोडायची आणि वर परंपरेचा हवाला द्यायचा, हे मला मान्य नाही. शिरोरेषा काढूनच टाका, पडदा मोकळा होतो, असं म्हणणारा तिसरा पंथही आहे. गुजराती लिपी रेघेशिवाय सुंदर उभी राहते, कारण तिची अक्षरं त्यासाठी घडत गेली आहेत. आपला ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे ओळखू येतात ते वरच्या रेघेच्या तुटकपणावरून. रेघ गेली की नाव वाचताना प्रेक्षक अडखळतो, आणि बातमीच्या पट्टीवर अडखळायला त्याच्याकडे वेळ नसतो.

हे प्रत्यक्षात करायचं कसं? शीर्षक फॉन्टमध्ये टाइप करून त्यावर तयार अ‍ॅनिमेशन चढवू नका. प्रोग्रॅमला अक्षर म्हणजे युनिकोडचा एकेक तुकडा वाटतो. अक्षरागणिक हालचाल लावली की ‘कि’ची वेलांटी एका दिशेनं निघते आणि क दुसरीकडे. जोडाक्षराचं काय होतं ते विचारूच नका. शब्द हातानं लिहून घ्या, स्कॅन करा, मग प्रत्येक फटकाऱ्याच्या मधोमध एक वाट आखा आणि ती वाट मूळ अक्षराचा मुखवटा म्हणून उघडत न्या. फटकाऱ्यांचा क्रम हाताचाच ठेवा: गाठ, काना, मग रेघ, आणि सगळ्यात शेवटी अनुस्वार. फटकाऱ्याचा वेगही सारखा ठेवायचा नाही. गाठीत हात मंदावतो, कान्यात खाली उतरताना सुटतो. ज्यानं बोरू हातात धरला नाही त्याला हे की-फ्रेममध्ये दिसणार नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी बोरू देतो. रोजच्या पट्ट्यांना एवढा वेळ नसतो हे कबूल. तिथे निदान हालचाल शब्दागणिक लावा, आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं इंजिन निवडा. ते न निवडल्यामुळे तुटलेली जोडाक्षरं मी आजही पडद्यावर पाहतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची इंग्रजी हौस आपल्याकडे चालत नाही. तसं केलं की शिरोरेषेला खाचा पडतात. शब्द रुंद हवा असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ आता सहज मिळतात, ‘मुक्ता’त बारीकपासून जाडपर्यंत वजनंही भरपूर आहेत. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ संगणकाच्या पडद्यावर, छोट्या आकारात वाचण्यासाठी घडवलेला फॉन्ट. तो फुकट मिळतो म्हणून वाहिन्यांनी त्याची हेडलाइन केली, यात दोष जोशींचा नाही. काही नव्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आत दडलेले असतात. सॉफ्टवेअरनं भाषा मराठी धरली तरच ते बाहेर येतात, नाहीतर मराठी वाहिनीवर हिंदी वळणाचा ल नांदतो आणि कुणाला खटकतही नाही.

अ‍ॅस्टनची पट्टी रोमन कॅपिटल अक्षरांच्या मापानं बेतली जाते, हे आजचं सगळ्यात मोठं दुखणं. कॅपिटलला वर-खाली काही लागत नाही. आपल्याला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘मूर्तींच्या’ असा शब्द आला की वर टक्कर आणि खाली कात्री. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास लागतं. प्रोग्रॅम आपणहून देतो ते एकशे वीस टक्के पुरत नाहीत. शेजारी इंग्रजी असेल तर देवनागरी त्याहून मोठ्या आकारात घ्यावी लागते, तेव्हा दोन्ही लिप्या डोळ्याला सारख्या वाटतात. कडेनं पाच टक्के जागा मोकळी, म्हणजे आडवे ९६ आणि उभे ५४ पिक्सेल. नाव आणि हुद्दा मोठ्यानं दोनदा वाचून होईपर्यंत पट्टी हलवायची नाही.

आणि ‘ऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ हे दोन वेगळे समारंभ आहेत. जुन्या कूटलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये फिरवताना हा अर्धा र सगळ्यात आधी पडतो, आणि पट्टीवर ‘दुसर्या’ उमटतं. मुद्रितशोधकाची खुर्ची ग्राफिक्सच्या खोलीतून गेली तेव्हापासून तो उचलायला कुणी उरलेलं नाही.

पूर्वी वाहिनीच्या पगारपटावर अक्षर काढणारा माणूस असायचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आलेला, ब्रशाला सरावलेला. आज सबंध वाहिनीचं पॅकेज बाहेरून येतं, नमुने इंग्रजीत मंजूर होतात, आणि प्रक्षेपणाच्या आदल्या रात्री त्यात मराठी ओतली जाते. पडद्यावर सहा चौकोन, वर घड्याळ, खाली दोन टिकर, मध्ये फुटणारी ‘ब्रेकिंग’. बोलणाऱ्याचा चेहरा तळहाताएवढा उरतो. हल्ली शीर्षकं यंत्राकडून काढून घेण्याची टूम निघाली आहे. त्यांतली देवनागरी लांबून अक्षरांसारखी दिसते, जवळ गेलं की तिथे भलत्याच आकृत्या असतात. अशा एका शीर्षकाला माझ्यासमोर मंजुरी मिळाली. त्या खोलीतल्या कुणीही ते अक्षर लावून वाचलेलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

म्हणून जे कुणी वाहिनीसाठी ग्राफिक्स मागवतात त्यांना एक कळकळीची विनंती. करारावर सही करण्याआधी डिझायनरकडून नमुन्याच्या पट्टीत एवढे शब्द घालून मागा: कर्तृत्व, दुसऱ्या, ऱ्हास, मूर्तींच्या, कुटुंब, हृदय, ट्रॅक्टर, ज्ञानेश्वरी, श्रृंगार नव्हे शृंगार, लाल शाल. पट्टी येताना एकदा, थांबल्यावर एकदा, जाताना एकदा थांबवून पाहा. मग ती संगणकावर न पाहता साध्या केबलच्या टीव्हीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहा. यातला एकही शब्द तुटला, कापला किंवा थरथरला, तर पॅकेज परत पाठवा.