राणीच्या घरच्या बायका

१५३६ सालचा उन्हाळा. हन्सडनच्या वाड्यातून लेडी मार्गारेट ब्रायन या बाईंनी टॉमस क्रॉमवेलला, म्हणजे आठव्या हेन्रीच्या सर्वेसर्वा मंत्र्याला, एक लांबलचक पत्र धाडलं. आपल्या हवाली केलेल्या पोरीला झगा नाही, परकर नाही, आतले कपडे शिवायला तागाचं कापड नाही, बाह्या नाहीत, टोपडी नाहीत, अशी त्यात यादीच होती. आजवर कसंबसं निभावलं, आता निभत नाही, असंही बाईंनी स्वच्छ लिहिलं. पोर तीन वर्षांचीसुद्धा नव्हती. तिच्या आईचा, अ‍ॅन बोलिनचा, १९ मे रोजी लंडन टॉवरच्या आवारात शिरच्छेद झाला होता. संसदेने मुलीला अनौरस ठरवलं होतं. कालची राजकन्या आज नुसती ‘लेडी एलिझाबेथ’ झाली होती आणि तिच्या वाढत्या अंगाला कपडे पुरवायचे कुणी, हे दरबारात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढे ४४ वर्षं इंग्लंडवर राज्य करणारी, १६०० सालच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद देणारी पहिली एलिझाबेथ ती हीच.

पत्रात आणखी एक तक्रार आहे आणि मला ती कपड्यांच्या यादीहून मोलाची वाटते. वाड्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन शेल्टन यांचा आग्रह असे, की मुलीने रोज मोठ्या पंगतीच्या मेजावर, मानाने जेवायला बसावं. लेडी ब्रायन म्हणतात, तिथे नाना तऱ्हेची पक्वान्नं, फळं आणि वाइन समोर असते. एवढ्याशा लेकराला त्यापासून दूर ठेवायचं कसं? चार माणसांत तिला रागावताही येत नाही. तेव्हा तिला तिच्या खोलीतच बेताचं जेवण द्यावं. शिवाय पोरीच्या दाढा येताहेत, फार सावकाश येताहेत, ती हैराण आहे, म्हणून सध्या मी तिचे लाड जरा जास्तच चालवून घेते. दाढा आल्या की वळण लावीन.

लेडी ब्रायन काही परक्या नव्हत्या. अ‍ॅन बोलिनची आई ही त्यांची सावत्र बहीण. आधी मेरीला, मग एलिझाबेथला आणि १५३७ मध्ये एडवर्ड जन्मल्यावर त्यालाही सांभाळायला त्यांनाच नेमलं. हेन्रीची तिन्ही औरस-अनौरस ठरत गेलेली मुलं या एका बाईच्या हाताखालून गेली. पण इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला येतं ते बहुधा हे एक पत्र. पोरीला कपडे वेळेवर मिळते, तर तेवढंही आलं नसतं. घर चालवणारी बाई सरकारी दफ्तरात उमटते ती काहीतरी बिनसल्यावर, हे या सगळ्या प्रकरणात फिरून फिरून दिसतं.

कॅट अ‍ॅशलीच्या बाबतीत तर खूपच बिनसलं. माहेरची ती कॅथरीन शॅम्परनाउन, डेव्हन परगण्यातली. १५३६ मध्ये ती एलिझाबेथच्या घरात आली आणि लवकरच तिची शिक्षिका झाली. पोरीची पहिली अक्षरं, शिवणकाम, नाच, रीतभात आणि भाषांचा पाया तिच्याकडे. रॉजर अ‍ॅशमसारखा पंडित पुढे एलिझाबेथला ग्रीक-लॅटिन शिकवायला आला आणि नावही त्याचंच झालं. त्याच अ‍ॅशमने कॅटला पत्र लिहून बजावलं होतं, की मुलीवर एकदम फार लादू नका, पेल्यात भस्सकन ओतलं की सांडतं. म्हणजे अभ्यासाचा सपाटा लावणारी कॅटच होती. अकरा वर्षांच्या एलिझाबेथने सावत्र आई कॅथरीन पार हिला नाताळानंतरच्या नववर्षाची भेट म्हणून फ्रेंचमधून भाषांतरित केलेलं, स्वतः भरतकाम केलेल्या वेष्टनातलं पुस्तक दिलं. असली हुशारी आकाशातून पडत नाही.

१५४७ मध्ये हेन्री वारला. विधवा कॅथरीन पारने घाईघाईने टॉमस सीमोरशी लग्न केलं. हा नव्या बालराजाचा, एडवर्डचा, मामा, देखणा आणि महत्त्वाकांक्षी. एलिझाबेथ तेव्हा त्यांच्याच घरी, चेल्सीला, राहत होती. वय तेरा-चौदा. सीमोर सकाळी सकाळी तिच्या खोलीत शिरायचा, पाठीवर नाहीतर कुल्ल्यावर चापट मारायचा, ती अंथरुणात असली तर तिच्यावर झेप घेण्याचा आव आणायचा. कॅटने त्याला फटकारलं, लाज नाही वाटत का, असं विचारलं. त्याने जुमानलं नाही. हॅनवर्थच्या बागेत तर त्याने पोरीचा काळा झगा कापून चिंध्या चिंध्या केल्या आणि खुद्द कॅथरीन पारने तिला धरून ठेवलं होतं. आज याला काय म्हणायचं ते वाचकांना सांगायला नको.

इथे कॅटची बाजू घेणं अवघड होतं. कारण हीच बाई दुसरीकडे त्या माणसाच्या प्रेमात पडल्यासारखी बोलत असे. सप्टेंबर १५४८ मध्ये कॅथरीन पार बाळंतपणानंतर वारली, तेव्हा कॅटने एलिझाबेथला चिडवलं, की तुझ्यासाठी आधी ठरलेला नवरा आता मोकळा झालाय. तिचा नवरा जॉन अ‍ॅशली तिला सावध करत होता, तिने कानाआड केलं. गादीच्या वारसांपैकी असलेल्या मुलीने मंत्रिमंडळाला न विचारता लग्नाची बोलणी करणं म्हणजे राजद्रोह, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पोरीचं चांगलं स्थळ जमवायचं, हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हक्क आहे असं तिला वाटत असावं. पण स्थळ भलतंच होतं.

जानेवारी १५४९ मध्ये सीमोरला अटक झाली. पाठोपाठ कॅट आणि हिशेब पाहणारा टॉमस पॅरी, दोघांना टॉवरमध्ये नेलं. इकडे हॅटफील्डला सर रॉबर्ट टर्विट पंधरा वर्षांच्या एलिझाबेथची रोज उलटतपासणी करत होता. तिच्याकडून काही निघेना. त्याने वैतागून वर कळवलं, की हे सगळे एकच सूर आळवतात, आधी ठरवून घेतल्याशिवाय असं होत नाही. शेवटी पॅरी फुटला. दोघांना समोरासमोर आणल्यावर कॅट त्याच्यावर कडाडली, की मेलो तरी बोलणार नाही अशी तू शपथ घेतली होतीस. मग तिलाही बोलावं लागलं. चेल्सीच्या त्या सकाळी, हॅनवर्थचा तो झगा, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते तिच्या या जबानीमुळे. तिची कोठडी इतकी गार होती की झोप लागत नसे. खिडकीला काच नव्हती, म्हणून तिने तिथे गवत कोंबलं आणि मग दिवसाही काळोख झाला. हेही तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मंत्रिमंडळाने कॅटच्या जागी टर्विटची बायको नेमली. एलिझाबेथ रात्रभर रडली आणि दुसरा अख्खा दिवस तोंड फुगवून बसली. मग मार्चमध्ये तिने राज्याचा कारभार पाहणाऱ्या सॉमरसेटला कॅटला सोडावं म्हणून पत्र लिहिलं. स्वतःचीच मान धोक्यात असताना नोकराणीसाठी शब्द टाकायचा, तोही कसा, ते पाहण्यासारखं आहे. कॅट दोषी असेल तर तिचं समर्थन मी करत नाही, असं आधी म्हणून घेतलं. मग, तिने मला विद्या आणि सचोटी शिकवायला फार कष्ट घेतले आहेत, म्हणून तिच्यासाठी बोलणं माझं कर्तव्य आहे. पुढे संत ग्रेगरीचा हवाला देऊन लिहिलं, की आईबापांपेक्षा आपण वाढवणाऱ्यांचे जास्त ऋणी असतो. आईबाप जगात आणतात, वाढवणारी माणसं जगायला शिकवतात. ज्या मुलीच्या आईला बापाने मारवलं, तिने हे वाक्य निवडावं, यात सगळं आलं.

सीमोरचं डोकं २० मार्चला उडालं. कॅट सुटली आणि यथावकाश परत आली. १५५६ मध्ये, एडवर्डनंतर गादीवर आलेल्या सावत्र बहिणीच्या, मेरीच्या, अमदानीत, ती पुन्हा तुरुंगात गेली. एलिझाबेथच्या लंडनमधल्या निवासात कॅथलिकविरोधी पुस्तकांच्या पेट्या सापडल्या होत्या. तीन महिने फ्लीट तुरुंगात काढल्यावर तिला सोडलं, पण एलिझाबेथला भेटायचं नाही या अटीवर. १७ नोव्हेंबर १५५८ ला एलिझाबेथ गादीवर बसली आणि अट आपोआप सुटली. कॅट तिच्या खास दालनाची प्रमुख झाली. वर्षाच्या आतच तिने राणीपुढे गुडघे टेकून विनवलं, की लग्न कर आणि तुझ्या मर्जीतल्या डडली या दरबाऱ्याबद्दलची कुजबुज थांबव, असली नाचक्की पाहण्यापेक्षा मी तुला पाळण्यातच गळा दाबून मारलं असतं. एका परदेशी राजदूताने हे मायदेशी कळवलं म्हणून ते उरलं. राणीशी असं बोलायची त्या राज्यात आणखी कुणाची छाती नव्हती. १५६२ मध्ये कॅटने स्वीडनच्या राजाचं स्थळ पुढे रेटायला परस्पर पत्र लिहिलं आणि पुन्हा नजरकैद ओढवून घेतली. स्थळं जमवायची खोड काही गेली नाही. जुलै १५६५ मध्ये ती वारली. आदल्या दिवशी राणी तिला भेटून आली होती.

तिची जागा घेतली ब्लँच पॅरीने. ही वेल्सच्या सीमेवरच्या हेरफर्डशरमधल्या बॅक्टनची. तिची मावशी लेडी ट्रॉय हीसुद्धा एलिझाबेथच्या घरात वरच्या हुद्द्यावर होती. ब्लँच एलिझाबेथच्या बाळपणीच आली आणि ५० वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिली. लग्न केलं नाही. राणीचे दागिने, पुस्तकं, तलम कापडं, फर तिच्या ताब्यात. मुख्य मंत्री विल्यम सेसिल तिच्या नात्यातला, तिचं मृत्युपत्र लिहून देण्याइतका जवळचा. पण तिच्यावर कधी आरोप नाही, तुरुंग नाही, जबानी नाही. साहजिकच ती कुणाला फारशी ठाऊकही नाही. कॅटने राणीचं प्रेम मिळवलं असेल, पण घर सांभाळलं ते ब्लँचने, असं माझं मत झालं आहे.

आपल्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, हे तिने ओळखलं असावं. तिने हयातीतच बॅक्टनच्या चर्चमध्ये स्वतःचं स्मारक उभारून घेतलं. त्यात राणी समोर तोंड करून, नटूनथटून, आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेली ब्लँच. खाली तिच्याच तोंडचा मजकूर आहे. आपण दरबारात कुमारी राहून जन्म काढला आणि राणीचा पाळणा हलताना पाहिला, असं ती सांगते. त्याच चर्चमध्ये शतकानुशतकं वेदीवर घालायचं एक कापड होतं, रुपेरी, पानाफुलांच्या भरतकामाचं. २०१६ मध्ये ऐतिहासिक वेशभूषेच्या अभ्यासिका एलेरी लिन यांनी ते ओळखलं. ते बहुधा एलिझाबेथच्याच पोशाखाचं होतं, उसवून पुन्हा शिवलेलं. २०१९ मध्ये ते हॅम्प्टन कोर्टला प्रदर्शनात मांडलं गेलं.

ब्लँच १२ फेब्रुवारी १५९० रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी वारली. अखेरीस तिची दृष्टी गेली होती. बॅक्टनऐवजी तिला लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला लागून असलेल्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये पुरलं. अ‍ॅबीत एलिझाबेथची संगमरवरी कबर पाहायला आपले मराठी पर्यटकही तिकीट काढून रांगेत उभे राहतात. त्यांनी बाहेर पडल्यावर पाच मिनिटं काढून शेजारच्या चर्चमध्येही डोकवावं. भिंतीवर ब्लँचचा पुतळा आहे.