एक छप्पर, दोन चुली

एकत्र कुटुंब मोडले, असे म्हणून सुस्कारा टाकण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्या सुस्काऱ्यामागे वाडा, पंगत आणि वडीलधाऱ्यांचा दरारा यांचे चित्र असते. हिशेब सहसा नसतो. वस्तुतः एकत्र कुटुंब ही भावनेइतकीच अर्थव्यवहाराची संस्था आहे. पीक बुडाले तर विमा तिचा, लग्नकार्यात पतपेढी ती, आणि आजारपणात खाटेशी रात्र जागणारे माणूसही तीच पुरवते.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक घर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता यांना कुलाचाराची जोड दिली. पुढे सौराष्ट्रातील महुवा गावाचा अभ्यास करून आय. पी. देसाई यांनी १९६४ मध्ये दाखवले, की निवास वेगळा झाला म्हणजे एकत्रपणा संपत नाही. मालमत्तेत आणि परस्परांच्या जबाबदाऱ्यांत तो टिकून राहतो. जनगणना मात्र चूल मोजते. २०११ मध्ये देशातील घरटी माणसांची सरासरी पाचाच्या आत होती, यावरून चुली वाढल्या एवढेच समजते. मुंबईहून दरमहा गावी पैसे पाठवणारा मुलगा आणि त्याच्या लेकरांसाठी वर्षाचे तांदूळ बांधून देणारी आजी, ही कुटुंबे दोन समजावीत की एक?

हा प्रश्न पुस्तकी नाही. कुटुंब कशास म्हणावयाचे यावर सरकारी पैसा कोणाकडे वळणार हे ठरते, आणि येथे सरकारच्याच बोलण्यात मेळ नाही. प्राप्तिकराच्या कायद्याने १९२२ पासून हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानले. वडिलोपार्जित मालमत्ता असलेल्या घराला त्यामुळे करमुक्त उत्पन्नाची आणखी एक मर्यादा लाभते. एका खोलीत तीन पिढ्या सांभाळणाऱ्या पगारदाराला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण पगार त्याचा एकट्याचा धरला जातो.

दुसऱ्या टोकाला अंत्योदय शिधापत्रिका आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार तिच्यावर कुटुंबामागे महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. त्याहून थोड्या बऱ्या स्थितीतील प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी पाच किलो. घरात आठवे माणूस आले, की अंत्योदयाचा वाटा पाच किलोंच्या खाली घसरतो. दहा जणांच्या घरात तो साडेतीन किलो होतो. म्हणजे सर्वांत गरीब घराने एकत्र राहण्याची किंमत धान्याने मोजावयाची! पोराने शिधापत्रिका वेगळी करून घेतली, की सुनेने घर फोडले, असे म्हणणाऱ्यांनी आधी हा भागाकार करून पाहावा. कित्येकदा छप्पर एकच राहते, कागदावर चुली दोन होतात, आणि कालांतराने कागदावरची चूल खरी होते.

तथापि सारा दोष सरकारच्या माथी मारणेही बरोबर नाही. एकत्रपणाचे जे लाभ आपण कौतुकाने सांगतो, ते कोणाच्या श्रमावर उभे आहेत? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७. मोठ्या घरात हे काम जावाजावांत वाटले जाते हे खरे; पण त्याचबरोबर भाकरीही वाढतात, पाहुणेही वाढतात, आणि वाटणी करण्याचा अधिकार बहुधा थोरल्या पिढीकडे राहतो.

आई-वडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. घरात मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची सेवा तिच्याच वाट्याला येते. निर्वाहाचा खर्च कोणी द्यावा हे कायदा सांगतो, रात्री उठून पाणी कोणी द्यावे हे सांगत नाही. तिने नोकरी धरली, की घराचे उत्पन्न वाढते आणि म्हाताऱ्यांची दुपार एकटी होते. शहरांतून आता ही दुपार पगारी बाई ठेवून भरून काढली जाते. खेड्यात ती सोयही क्वचितच.

अंत्योदयाला माणशी पाच किलोंची तळमर्यादा घालणे फारसे अवघड नाही. त्यासाठी कायद्यात एका कलमाची दुरुस्ती पुरेल. वृद्धांसाठी गावोगावी दिवसा सांभाळ करणारी केंद्रे काढणे अधिक खर्चाचे आहे. पण आजवर हा खर्च होत नव्हता असे नाही. तो सुना करीत होत्या.