पाण्यातून हायड्रोजन आणि मधला पडदा



आम्ही बँकेतील कारकून, त्यातही कलाशाखेचे. विज्ञानावर लिहिणे हे आमचे धाडसच होय. परंतु बेटेगावातून तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी काहींनी डीएम प्लांटमधील रेझिनचे बारीक मणी हाताळलेले आहेत. बॉयलरच्या पाण्यातील क्षार धरून ठेवणाऱ्या त्या मण्यांच्याच जातीचे रसायन पापुद्र्यासारखे पसरले, की आयन-विनिमय पडदा तयार होतो.

पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपण शाळेत शिकलो. अडचण पुढे आहे. हे वायू पुन्हा मिसळले आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. (वसाहतीत स्फोट झाला की खिडक्या कशा थरथरतात, हे आपणांस सांगायला नको.) म्हणून मध्ये पडदा हवा, पण तो भिंतीसारखा बंद असला तर वीजच वाहणार नाही.

येथे आम्हांस कॅशियरची खिडकी आठवते. नोटा आत-बाहेर जातात, माणूस जात नाही. धन बाजूस पाणी फुटते व ऑक्सिजन तेथूनच बाहेर पडतो. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तारेच्या वाटेने जातो, उरलेला प्रोटॉन पडद्यातून सरकतो. पलीकडे दोघांची गाठ पडली की हायड्रोजन वायू! असा नाफियॉन नावाचा पडदा १९६० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत तयार झाला. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते.

एक किलो हायड्रोजनला सुमारे नऊ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. बोअरचे पाणी मात्र चालत नाही. त्यातील कॅल्शियम, सोडियम पडद्यातील प्रोटॉनच्या जागा अडवून बसतात. म्हणजे आधी डीएम प्लांट आलाच.

खरे दुखणे खर्चाचे. या पडद्याच्या आम्लधर्मामुळे इरिडियम, प्लॅटिनम असे महागडे धातू लागतात. हायड्रॉक्साइड आयन सोडणाऱ्या उलट जातीच्या पडद्याला निकेल पुरते, पण तो टिकतो कमी. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत आयन-विनिमय पडद्यांवर संशोधन झाले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे.

डीएम प्लांटवर पाळी करणाऱ्या शेजारच्या मुलाला आम्ही हे वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, रेझिन आम्ही ॲसिडने धुतो. पडदा धुता येतो का?" येतो. अडकलेले बरेचसे आयन त्याने निघतात. छिद्र पडले असेल तर मात्र प्लांट थांबवून पडदाच बदलावा लागतो.