मांडवीतले आवडते बेट कोणते?

तेरेखोलला केरीहून फेरीबोटीने जावे लागते, म्हणून अनेकांना ते बेट वाटते. प्रत्यक्षात तो नदीपलीकडचा गोव्याचा तुकडा आहे. जमिनीच्या बाजूने त्याला सिंधुदुर्ग लागून आहे. खरी बेटे मांडवीत आहेत : चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे आणि चिमुकले वांशी.

पक्षी पाहायचे तर चोडण. पश्चिम टोकाला खारफुटीत 1.78 चौरस किलोमीटरचे सलीम अली अभयारण्य आहे. भरतीला होडीतून फिरता येते. ओहोटीला उघड्या चिखलावर निवटे टुणटुण उड्या मारतात. भेंडीसाठी नावाजलेल्या जुव्याला पुलाने जाता येते, त्यामुळे बेटावर आल्यासारखे वाटतच नाही.

पसंतीचा कौल मात्र दिवाडीला. ऑगस्टमधल्या बोंदेराम उत्सवाला गर्दी उसळते. एरवी खाजनातली भातशेती आणि वर टेकडीवरचे पिएदादचे चर्च. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ इथलेच. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपार डिचोलीतल्या नार्वेला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. दिवाडीहून नार्वेला आजही फेरीबोट जाते. देवाची वाट तीच.